ओंडके फोडण्याचे यंत्र आणि जुनी चेनसॉ

श्रोतेहो, नमस्कार. जत-आटपाडीकडची बांधावरची बाभूळ असो किंवा पाटण-जावळीकडे वादळात पडलेला आंबा, झाड आडवे झाल्यानंतरचे खरे कष्ट त्याचे ओंडके फोडण्यात असतात. साल ओलावा धरून ठेवते, त्यामुळे अखंड ओंडका वर्षभर उन्हात पडूनही आतून ओलाच राहतो. तोच फाल्गुनाच्या आत फोडून रचला, तर पावसाळ्यापूर्वी बंबात आणि चुलीत घालण्याजोगा होतो. म्हणूनच ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे फोडणी यंत्र गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावे, असे अनेकांच्या मनात येते.

अशा वेळी पहिला प्रश्न बहुधा ‘किती टनांचे करू?’ असा असतो. त्याचा हिशेब सोपा आहे. सिलिंडरचा आतला व्यास 10 सेंटीमीटर असेल, तर पिस्टनचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर होते, आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 150 किलो मिळाला, तर जवळजवळ पावणेबारा टनांचा जोर पाचरीवर येतो. घरच्या सरपणाला तो पुष्कळ आहे. याहून मोठा सिलिंडर घेतला, तर जोर वाढतो, पण वेग तेवढाच घटतो. पंप मिनिटाला 20 लिटर तेल देत असेल, तर 10 सेंटीमीटरच्या सिलिंडरचा दांडा 60 सेंटीमीटर पुढे यायला सुमारे 14 सेकंद लागतात आणि साडेबारा सेंटीमीटरच्या सिलिंडरला 22. दिवसभर लिव्हर धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला हा फरक जाणवतो.

माझ्या मते ‘किती टन’ यापेक्षा ‘हे टन जाणार कुठे’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाचर ओंडक्याला जेवढ्या जोराने रेटते, तेवढ्याच जोराने ती गर्डरलाही, म्हणजे ज्या लोखंडी तुळईवर सारे यंत्र बसते तिलाही, वाकवू पाहते, कारण सिलिंडर गर्डरच्या मध्यातून जात नाही, त्याच्या वर बसवलेला असतो. सिलिंडरचा मध्य गर्डरच्या पाठीपासून 10 सेंटीमीटर उंच धरला, तर वर सांगितलेल्या जोराला 150 मिलिमीटर उंचीचा आय गर्डर साध्या पोलादाच्या सहनशक्तीपलीकडे ताणला जातो. पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही, मग एखाद्या गाठाळ ओंडक्यावर तो कायमचा बाक धरतो. 200 मिलिमीटरच्या गर्डरवर तोच ताण निम्म्याच्या आसपास येतो. मीटरमागे दहा-अकरा किलो लोखंड जास्त लागते, एवढाच काय तो खर्च. भंगारात मिळाला म्हणून हलका गर्डर घेण्यात शहाणपण नाही. पाचर आणि शेवटची आडवी पाटी यांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी तिकोनी आधारपट्ट्या मात्र हव्यातच. पाचरीसाठी ट्रकच्या पाट्याचा तुकडा वापरण्याचा मोह होतो, परंतु तो कडक पोलादाचा असल्याने थंड असताना वेल्डिंग केल्यास जोडाशेजारी तडा जातो. साध्या पोलादाची जाड पट्टी तासून घेतलेली बरी. लाकूड फोडायला वस्तऱ्याची धार लागत नाही.

सिलिंडर निवडताना डंपिंग ट्रॉलीचा जॅक घेऊ नये. तो तेलाने बाहेर येतो, पण मागे जातो ट्रॉलीच्या वजनाने; आडव्या यंत्रात तो बाहेर आला की तिथेच राहतो. दोन्ही बाजूंनी तेल घेणारा सिलिंडर, त्याला जोडीचा व्हॉल्व्ह, दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि तेल परत जाण्याची स्वतंत्र नळी एवढे आवश्यक आहे. जुन्या जेसीबीचा सिलिंडर चालतो, मात्र घेण्याआधी दांडा पूर्ण बाहेर काढायला लावून त्याच्या चकचकीत पाठीवरून नख फिरवावे. नख अडकेल अशी खाच किंवा गंजाचे टोचे असतील, तर नवे सीलकिटही फार काळ टिकणार नाही. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असते, तेव्हा जुन्या सिलिंडरमधली घाण धुऊन न काढता तो जोडणे म्हणजे ती घाण थेट गिअरबॉक्समध्ये पाठवणे होय.

नळीतून तेल झिरपते असे वाटले, तर हात फिरवून शोधू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखाली येणारे तेल कातडी भेदून आत शिरते आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. तिथे पुठ्ठा धरावा. लिव्हर आणि ओंडका दोन्ही एकाच माणसाच्या हाती असावेत. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने लिव्हर ओढायची, ही पद्धत बोटे घालवणारी आहे. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, गरगर फिरणारा शंकूच्या आकाराचा स्क्रू लावून लाकूड फोडण्याची युक्तीही पाहायला मिळते. तिच्याजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा सैल बाही गेली, तर ट्रॅक्टर बंद करायला वेळ मिळत नाही. ते यंत्र घरी करू नये, असे मी स्पष्टच सांगतो.

आता चेनसॉविषयी, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीविषयी. जुनी चेनसॉ पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगावे की, मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. गरम मशीन कोणाच्याही हातून सुरू होते. खरी परीक्षा थंड मशीनची. पोचल्यावर इंजिनला हात लावून पाहावे. ते कोमट लागले, तर थोडे थांबावे आणि चहा घ्यावा.

मशीन सुरू करण्याच्या दोरीच्या मुठीला धरून ते हळूच उचलावे. ते थांबत थांबत खाली येत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून धरण्याची ताकद, शिल्लक आहे. सरळ खाली घसरले, तर पुढे बोलण्यासारखे फारसे नाही. मात्र भरवसा ठेवावा तो सायलेन्सर खोलून पाहण्यावर. दोन-तीन बोल्ट काढले की धूर बाहेर पडण्याचे छिद्र आणि त्यातून पिस्टनची बाजू दिसते. हीच बाजू सर्वांत तापते, त्यामुळे पेट्रोलमध्ये तेल कमी पडल्याची खूण प्रथम इथेच उमटते. टॉर्च मारल्यावर पिस्टन गुळगुळीत दिसला, तर ठीक. वरून खाली उभ्या रेघा ओढल्यासारखे ओरखडे दिसले, तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बदलायचे, हे धरून चालावे. विकणारा सायलेन्सर खोलू देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

मशीन सुरू झाल्यावर स्लोवर साखळी स्थिर राहिली पाहिजे. स्लोवर रेस आपोआप वरखाली होत असेल, तर क्रँकचे ऑइल सील हवा ओढत असण्याची शक्यता असते. ताजा कापलेला फिकट बुंधा किंवा पांढरा कागद यासमोर बारचे, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचे, टोक धरून रेस दिली की तेलाची बारीक रेघ उमटावी. न उमटल्यास साखळीला तेल मिळत नाही. ब्रेकचा दांडा पुढे ढकलताच साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. ती थांबत नसेल, तर किंमत कितीही उतरली, तरी दुरुस्तीआधी ते मशीन झाडाला लावू नये.

बार झिजला आहे का, हे साखळी आडवी हलवून कळते. ती फार डुलत असेल, तर खोबण रुंदावली आहे. बार, साखळी आणि साखळी फिरवणारे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, या झिजणाऱ्याच वस्तू आहेत. त्यांची नवी किंमत दुकानात विचारून घ्यावी आणि ती मागितलेल्या रकमेतून वजा करून बोलणी सुरू करावी. नामांकित कंपनीच्या रंगाचे आणि नावाचे नकली मशीनही बाजारात येते, म्हणून सांगाड्यावर कोरलेला नंबर वाचून तो पावतीवर लिहून घ्यावा. घरी आणल्यावर आधीच्या मालकाने टाकीत ठेवलेले पेट्रोल आधी ओतून टाकावे आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच, बहुधा लिटरला 20 मिली चांगले टू-स्ट्रोक तेल मिसळून, ताजे पेट्रोल भरावे. नमस्कार.