राजवाड्यातला कशिदाकार

(दृश्य: पहाटेचा राजवाडा. कबुतरांचा थवा उडतो, पुन्हा सज्जावर येऊन बसतो.)

इंदूरमध्ये कोणालाही पत्ता विचारा. तो आधी तुम्हाला राजवाड्यावर नेऊन उभं करतो आणि मग तिथून डावं-उजवं सांगत घरी पोचवतो. सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. लोखंडी खिळे ठोकलेला भलामोठा दरवाजा. सुभेदार मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास हे काम काढलं, आणि तेव्हापासून या वाड्याभोवती गोष्टींचाही एक वाडा उभा राहत गेला.

रामबागेतल्या आमच्या घरी आजीचा दंडक होता. दिवेलागण झाली की राजवाड्याच्या मागच्या अंगाने यायचं नाही. का? तर तिथे कोणीतरी बोलतं. कोण बोलतं, असं विचारलं की आजी म्हणायची, "त्याचं नाव घेत नसतात रे." पुष्कळ वर्षांनी कळलं, आजी नाव लपवत नव्हती. त्या भुताचं नाव कोणी लिहूनच ठेवलेलं नाही.

(दृश्य: रात्रीचा सराफा. कढई, वाफ, गर्दी.)

खरं तर या वाड्याला भूत परवडणारं नाही. हाकेच्या अंतरावर सराफा. सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस शिजायला लागतो, थंडीत गराडू नावाचा कंद तळला जातो. मध्यरात्र उलटली तरी माणसं जिलबीसाठी ताटकळलेली. भुतानं बाहेर पडायचं तरी कधी?

आणि राहायचं कुठे? १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली. त्याचा सूड म्हणून शिंद्यांकडच्या सर्जेराव घाटग्यांनी त्याच वर्षी इंदूर लुटलं, जाळलं. वाडाही त्यात होरपळला. १९०८ मध्ये पुन्हा आग. १९८४ च्या दंगलीत तिसरी, आणि तीत मागची बाजू बेचिराख झाली. आज तिथे जे दिसतं ते २००६-०७ च्या सुमारास नव्यानं उभारलेलं आहे. म्हणजे ज्या जिन्यावर पावलं वाजतात असं मोबाईलवरचे भुताचे व्हिडिओ सांगतात, तो जिना ते व्हिडिओ करणाऱ्या पोरांपेक्षाही लहान असायचा. लाल डोळ्यांची चित्रं लावून जे चालतं, त्याबद्दल याहून जास्त बोलण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट त्या आगींतूनही वाचली. तिला खोली नाही, जिना नाही. तिला फक्त एक आवाज आहे.

(दृश्य: मल्हारी मार्तंडाचं देवघर. समईची ज्योत, जवळून.)

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, विनवून थांबवलं. १७६६ मध्ये सासरेही गेले. गादीवर आला खंडेरावांचा आणि अहिल्याबाईंचा मुलगा, मालेराव. विशीतला. लहरी. ब्राह्मणांच्या जोड्यांत विंचू सोडायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. वर्षही पुरं झालं नाही, आणि १७६७ मध्ये तोही वारला.

कसा वारला?

घरात कपड्यांवर भरतकाम करणारा एक कशिदाकार येत असे. वाड्यातल्या एका दासीशी त्याचं सूत आहे, असा मालेरावाला संशय आला. चौकशी नाही, पंच नाही. त्यानं त्या माणसाला मारून टाकलं. लोक सांगत, मरण्याआधी तो बजावून गेला होता: मला मारू नकोस, मारलंस तर भयंकर सूड घेईन. मागाहून उघड झालं, की माणूस निर्दोष होता.

त्या धक्क्यानं मालेरावाचं डोकं फिरलं. तो बरळायला लागला. आणि ते बरळणं त्याचं नाही, असं वाड्यातल्या लोकांनी ठरवलं. त्याच्या तोंडून बोलणारा दुसराच कोणीतरी होता.

(दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज. सुई कापडातून ओढल्याचा.)

आता ही बाई डोळ्यांसमोर आणा. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. नवरा गेला, सासरा गेला, एकुलता एक मुलगा समोर तडफडतो आहे. ती त्याच्या उशाशी दिवस-रात्र बसून आहे. रडते, देवाचा धावा करते, आणि मुलाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या माणसाशी बोलते. त्याला अटी घालते आहे, की त्याच्या विनवण्या करते आहे, हे सांगणं कठीण. तुझ्या नावानं देऊळ बांधते. तुझ्या घरच्यांना जमीन लावून देते. फक्त माझ्या मुलाला सोड.

उत्तर दरवेळी एकच. माझा काही गुन्हा नसताना यानं मला मारलं. याचा जीव मी घेणार.

हे सगळं नोंदवून ठेवलं ते एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं, आणि तोही साधा प्रवासी नव्हे. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला ज्यांनी होळकरांची फौज हरवली, त्यांतले सर जॉन माल्कम. पुढे मध्य हिंदुस्थानाबद्दलचा त्यांचा ग्रंथ १८२३ मध्ये लंडनला छापला गेला, त्यात ही हकिकत आहे. माल्कमचा अर्थातच भुतावर विश्वास नाही. मग त्यांनी ती लिहिली कशाला? तर अहिल्याबाईंनीच मुलाचा काटा काढला, अशी कुजबुज काही युरोपियनांमध्ये होती. माल्कमनी मुद्दाम चौकशी केली आणि ती कुजबुज खोटी ठरवली. थोडक्यात, भुताची साक्ष काढून आईला निर्दोष सोडण्यात आलं!

माल्कम या भुताला 'जिन' म्हणतात. इथे मला जरा अडायला होतं. आपल्याकडे भुतांचीही जात लावलेली असते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुंजा, ब्राह्मणाचा समंध, मुसलमानाचा खवीस. जिन म्हटलं की कारागीर मुसलमान असावा असं वाटतं, पण अहिल्याबाई तर देऊळ बांधायचं कबूल करतात. बहुतेक माल्कमना जो शब्द माहीत होता तो त्यांनी वापरला. कशिदाकाराची जात, गाव, नाव, काहीच त्यातून हाती लागत नाही. त्याला घरचं माणूस होतं, एवढं मात्र कळतं.

(दृश्य: आडा बाजार, दुपार. दुकानांच्या पाट्या.)

आता राजवाड्यापासून चार पावलं चला. हा आडा बाजार. इथे मालेरावाच्या मरणाची दुसरी गोष्ट सांगतात, आणि ती इंदूरच्या पोराला शाळेत जायच्या आधीच ठाऊक असते. त्याच्या रथाखाली वासरू सापडलं. गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्याबाईंनी न्याय केला, मुलाला तसंच रथाखाली द्यायचा. कोणी सारथी धजेना, म्हणून स्वतः लगाम हाती घेतला. तेव्हा तीच गाय रथापुढे आडवी आली. म्हणून आडा बाजार.

सुंदर गोष्ट. अशीच गोष्ट तमिळ देशात तिरुवारूरला मनुनीती चोळ राजाबद्दल सांगतात. तिथेही वासरू, तिथेही राजपुत्र, तिथेही रथ. अशा गोष्टी गावोगाव फिरतात आणि जिथे शोभतील तिथे मुक्काम करतात.

कशिदाकाराची गोष्ट मात्र मला दुसरीकडे कुठे भेटली नाही. आणि ती इंदूरमध्येही फारशी कोणी सांगत नाही. आडा बाजारात अहिल्यामाता न्याय करते, गाय माफ करते, सगळे हात जोडतात. वाड्यातल्या गोष्टीत ती काहीही द्यायला तयार आहे आणि मेलेला माणूस घ्यायला तयार नाही. पुढे जिनं काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या, तिचं हे पहिलं देऊळ. त्या माणसानं नाकारलेलं.

(दृश्य: सीतलामाता बाजार. माडीवरची अरुंद खोली. लाकडी चौकटीवर ताणलेलं मरून कापड, आरीचं, म्हणजे जरीकामाच्या आकडीदार सुईचं, टोक खाली-वर होतंय.)

राजवाड्यामागच्या कापडबाजारात लग्नाचे लहंगे लटकलेले असतात. त्यांच्यावरचं जरीकाम करणारे हात मात्र माडीवर असतात. असाच एक कारागीर. वय साठीच्या पुढचं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी त्यांना पूर्ण गोष्ट सांगितली. दासी, संशय, आवाज, देऊळ, सगळं. त्यांनी मान वर केली नाही. आरी खाली जात होती, टिकली उचलून वर येत होती.

गोष्ट संपली. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं,

"और भिया, जो काम कर रहा था, उसकी मजूरी मिली उसके घरवालों को?"

(दृश्य: आरी पुन्हा कापडात. आवाज हळूहळू बंद.)