चाल वझेबुवांची

नमस्कार श्रोतेहो.

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा, आरत्या आटोपल्या की भजन रंगायला लागतं. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना असेल, तर विचारायलाच नको. एखादा बुवा जुन्या नाट्यपदाच्या चालीवर गजर घेतो, पखवाज चढतो, कोरस उसळतो. गाणाऱ्या बुवाला दाद मिळते, आणि मिळायलाच हवी. पण ती चाल मुळात बांधली कोणी, हे मंडपात क्वचितच सांगितलं जातं. अशाच एका चालकर्त्याबद्दल आज बोलायचं आहे. ते म्हणजे आपल्याच मातीतले गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे.

जन्म १८७१ सालचा, सावंतवाडी संस्थानातला. वडील लहानपणीच गेले. गाण्याच्या ओढीनं पोरवयातच घर सोडलं. वणवण करत ते उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरच्या निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. त्या काळी विद्या सहजी पदरात पडत नसे. उस्तादाची सेवा करायची, मर्जी राखायची, तेव्हा कुठे एखादी चीज, म्हणजे बंदिश मिळायची. अशा कष्टानं जमवलेल्या चिजा बुवांनी पुढे काय केल्या? ‘संगीत कला प्रकाश’ या दोन भागांच्या पुस्तकात स्वरलिपीसह छापून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ज्याला विद्येसाठी इतकं झिजावं लागलं, त्यानं ती अशी उधळून द्यावी, याला मोठं मन लागतं. बुवांच्या गाण्याइतकंच मला हेही थोर वाटतं.

अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे राग ही त्यांची खासियत. ती त्यांनी मैफलीपुरती ठेवली नाही, रंगभूमीवर आणली.

आता १९३१ सालाकडे येऊ. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. पतितपावन मंदिर उघडलं ते याच वर्षी, आणि त्यांचं ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक रंगमंचावर आलं तेही याच वर्षी. ते केलं बळवंत संगीत मंडळीनं, म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी. चाली वझेबुवांच्या. शब्द रत्नागिरीचे, चाल सावंतवाडीची, गळा मंगेशीचा! कोकण किनाऱ्याशी जोडलेली अशी तीन माणसं एका नाटकात एकत्र यावीत, याचा मला अतोनात अभिमान आहे.

त्यातलं ‘मर्मबंधातली ठेव ही’ आठवा. राग पटदीप. ऐकताना कानाला आधी भीमपलासीची वाट लागते, कोमल गंधार तर दोन्हींत आहेच. आणि मग भीमपलासीतल्या कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद येतो. तिथं जीव थबकतो. राग कोणता हे न कळणाऱ्यालाही ती जागा कळते. चालकर्त्याचं खरं काम असं असतं.

दीनानाथ हे वझेबुवांचे शागीर्द. त्यांची चपळ, तेजस्वी फिरत बुवांना पक्की ठाऊक होती, आणि चाल त्या गळ्याला शोभेल अशीच बांधली जाई. ‘रणदुंदुभी’मधलं ‘परवशता पाश दैवे’ ऐकलंत की हे लगेच पटेल. केशवराव भोसले, बापूराव पेंढारकर, गजाननराव जोशी यांनीही बुवांकडून तालीम घेतली.

भजनीबुवांना माझं हात जोडून मागणं आहे. यंदा नाट्यपदाच्या चालीवर गजर घ्याल, तेव्हा सुरुवातीला माईकवरून एवढंच सांगा, ‘चाल वझेबुवांची’. चाल दुसऱ्या कोणाची असेल, तर त्यांचं नाव घ्या.