दूध एक लिटर, एसी बंद

(दृश्य : पुण्यातली नाना पेठ. सुट्या भागांची दुकानं, टांगलेले फॅनबेल्ट. कॅमेरा एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरतो.)

एप्रिल महिना, दुपारचे अडीच. नाना पेठेत गाडीचा वाट्टेल तो भाग मिळतो म्हणतात. सावली मात्र मिळत नाही.

ही पांढरी गाडी २००६ सालची, एमएच १२. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली. मालक कोथरूडचे निवृत्त शिक्षक. गाडीला गंज नाही, सीटचं कव्हर धड आहे, इंजिन एका चावीत चालू होतं. तक्रार एवढीच की एसी त्याच्या मर्जीने चालतो.

गेल्या उन्हाळ्यापासून तीन ठिकाणी तीनदा गॅस भरून झाला. काका म्हणतात, "आता चौथ्यांदा भरायचा असेल तर सांगा, सिलिंडरच घरी नेऊन ठेवतो."

गॅरेजवाले भाऊ हसत नाहीत. बॉनेटही उघडत नाहीत. विचारतात, "बंद कधी पडतो?"

"कधीही."

"कधीही असं नसतं, काका."

(दृश्य : पर्समधून निघणारा, चार घड्या घातलेला कॅलेंडरचा कागद.)

इथे काकू पुढे येतात. मार्च महिन्याचं पान. चौकोनाचौकोनांत दुधाचा हिशेब, आणि त्याखाली बारीक अक्षरात : "दूध १ लि. एसी बंद, पुलगेट, ४.१०." पुढच्या आठवड्यात : "फातिमानगर, ४.२०." मुलगी हडपसरला राहते, दर शनिवारी जाणं असतं. आणखी एक नोंद : "खेड शिवापूर. टोलच्या अलीकडे." सकाळच्या फेऱ्यांपुढे काहीच लिहिलेलं नाही.

भाऊ ते पान चांगली दोन मिनिटं वाचतात. आम्ही या गॅरेजमध्ये तीन दिवस शूटिंग केलं. त्यांना एखाद्या मीटरकडेही इतका वेळ बघताना पाहिलं नाही.

सिग्नलला एसी गरम आणि गाडी पळू लागली की गार, असं असतं तर संशय कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पंख्यावर. उभ्या गाडीत वारा ओढायला तोच एक असतो. पण खेड शिवापूरच्या रस्त्यावर गाडी ८०च्या वेगात होती, तिथे समोरून वारा भरपूर. पंखा निर्दोष सुटला. गॅस कमी असेल तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, दर काही सेकंदांनी चालू-बंद करत राहतो, बॉनेटखालून टक-टक ऐकू येतं. तसंही नाही. कोथरूडहून निघाल्यापासून साधारण चाळीस मिनिटं, दुपारचं ऊन, आणि अर्धा तास गाडी उभी राहिली की सगळं पुन्हा ठीक.

"बंद पडला की वारा कमी होतो?"

"वारा तेवढाच," काकू सांगतात. "गरम."

वारा कमी झाला असता तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचतोय असं म्हणता आलं असतं. आता उरले दोघे. एक, गॅसमधला ओलावा. तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठतो आणि वाट अडवतो. दुसरा, कॉम्प्रेसरला फिरत्या पुलीशी जोडणारा क्लच.

(दृश्य : गाडी उन्हात ढकलली जाते. बॉनेट उघडं. निळं आणि लाल गेज.)

यापुढे करायचं ते एकच, वाट बघायची. बहुतेक गॅरेजना हेच परवडत नाही. चालू-बंद होणारा बिघाड बिघडलेला असतानाच धरावा लागतो. एसी गार असताना तपासून काही हाती लागत नाही. भाऊंनी गाडी मुद्दाम उन्हात लावली, एसी फुल, चारही काचा खाली.

निळा काटा, म्हणजे कमी दाबाची बाजू, ३५ पीएसआयच्या आसपास; लाल, जास्त दाबाची, २३० च्या. गॅस बरोबर आहे. आणि एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो. कमी झाला तर कुठून तरी गळालाय, आणि गळतीच्या जागी बहुधा तेलाचा डाग दिसतो. तो न शोधता नुसता गॅस भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. इथे तर माठही फुटका नव्हता.

मग दरवेळी गॅस भरल्यावर एसी चालायचा कसा? गाडी दोन तास बॉनेट उघडून सावलीत उभी असायची. जे तापलं होतं ते निवायचं. श्रेय गॅसला जायचं, बिल काकांना.

(दृश्य : चहाचे रिकामे ग्लास. मग अचानक गेजवर क्लोजअप.)

सदतिसाव्या मिनिटाला थर्मोस्टॅटने नेहमीसारखा कॉम्प्रेसर थांबवला. काही सेकंदांत "टक" व्हायला हवं होतं. झालं नाही. निळा काटा वर चढतोय, लाल खाली येतोय. व्हॉल्व्हमध्ये बर्फ असता तर कॉम्प्रेसर फिरत राहिला असता आणि निळा काटा शून्याच्याही खाली गेला असता.

भाऊ टेस्टिंगचा बल्ब क्लचच्या वायरला लावतात. बल्ब पेटतो. म्हणजे रिले, फ्यूज, स्विच सगळे निर्दोष; करंट दारापर्यंत आलाय. पुली फिरतेय, तिच्यापुढची प्लेट मात्र ढिम्म. भाऊ लांब लाकडी दांड्याने प्लेटला हलकेच रेटतात.

टक.

मिनिटाभरात गार वारा. (हे तुम्ही करून बघू नका. फिरता पट्टा बोटांची ओळख ठेवत नाही.)

क्लच म्हणजे एक विद्युतचुंबक. कॉइलमध्ये करंट गेला की समोरची प्लेट ओढली जाऊन पुलीला चिकटते. गाडीच्या वयाबरोबर दोन्ही पृष्ठभाग झिजतात, मधली फट वाढते. त्यात कॉइलचं तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो. ७५ अंशांनी तापमान चढलं तर जवळपास ३० टक्क्यांनी. करंट पाव हिश्शाच्या आसपास घटतो, चुंबक लुळा पडतो. चिकटलेली प्लेट धरून ठेवणं त्याला जमतं. सुटलेली परत ओढणं जमत नाही. म्हणून सकाळी कधी काही नाही, आणि दुपारी पुलगेट.

(दृश्य : फट मोजायच्या फीलर गेजची पाती फटीत सरकते.)

अशा क्लचला फट हवी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर. इथे ०.९. भाऊ मधला नट काढतात, प्लेट उतरवतात. शाफ्टवर जेमतेम नखाएवढ्या जाडीचे वॉशर आहेत. त्यातला एक काढून प्लेट पुन्हा बसवतात. तीन बाजूंनी मोजतात. ०.४.

पुन्हा ऊन, पुन्हा चाळीस मिनिटं, त्यावर वीस जास्तीची. एसी थांबतो, टक, चालू. थांबतो, टक, चालू. काकू मागच्या सीटवर बसून मोजतात. बाराव्यानंतर सोडून देतात.

कॉइल जुनीच आहे, असं भाऊ आधीच सांगून ठेवतात. पुलीचं बेअरिंगही थोडं आवाज करतंय, ते दिवाळीच्या आत बघावं लागेल.

काका पाकीट काढतात. "म्हणजे नवीन काही घातलं नाही. उलट आमचंच एक काढून घेतलंत."

"हो."

"आणि त्याचे पैसे."

भाऊ तो वॉशर वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून काकांच्या हातावर ठेवतात. काका पुडी उघडून खात्री करतात, मग शर्टाच्या खिशात टाकतात.