चेंडू गोलच दिसला पाहिजे

नमस्कार मंडळी! आज टीव्हीबद्दल बोलायचंय, म्हणजे सिरीयलबद्दल नाही हां, त्या स्क्रीनवर चित्र कसं बसतं त्याबद्दल. बऱ्याच घरांत टीव्हीतली माणसं आडवी पसरलेली दिसतात, चेंडू अंड्यासारखा दिसतो आणि बघणाऱ्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की कुणाला खटकतच नाही. मला फार वाईट वाटतं हो, कॅमेऱ्यामागच्या माणसाने ते चित्र मापून घेतलेलं असतं.

तर जुन्या डबा टीव्हीची स्क्रीन होती ४:३, म्हणजे चार भाग रुंद नि तीन भाग उंच, आणि आताची सपाट स्क्रीन १६:९. जुना कार्यक्रम लागला की तो रुंदीतली पाऊणच जागा घेतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. तो बिघाड नाही! पण पट्ट्या नकोत म्हणून आपण चित्र ताणतो, आणि मग प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. झूम केलं तर चेहरे बरोबर राहतात पण वरचं खालचं मिळून पाव चित्र जातं, कुणाचं कपाळ कापलं जातं तर कधी खालची बातम्यांची पट्टीच गायब.

आता खरी गोम ऐका. सेटटॉप बॉक्स असेल तर चित्राचा आकार दोघं ठरवतात, बॉक्स पण आणि टीव्ही पण. बॉक्स ४:३ वर राहिला असेल तर रुंद कार्यक्रमाला तो वर-खाली पट्ट्या लावतो, मग टीव्ही बाजूच्या पट्ट्या लावतो, आणि चित्र मधोमध फोटोफ्रेमसारखं लहान होऊन बसतं. मग आपण तासभर टीव्हीचाच रिमोट दाबत बसतो नि काही होत नाही. म्हणून आधी बॉक्सच्या मेनूत जाऊन १६:९ करा, टीव्हीला नंतर हात लावा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडेल, ते चालू करा, जुन्या काचेच्या टीव्हीत कडा झाकायची पद्धत होती तीच अजून चालत आलीय. काही चॅनल मात्र चित्र ताणूनच पाठवतात, तिथे बॉक्सला दोष देऊ नका.

आणि चॅनल बदलताना तो एक-दोन सेकंद काळा पडदा येतो ना, त्यात रिमोटची काही चूक नाही. डिजिटलमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच येतं, मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढं येतं, त्यामुळे नवीन चॅनल लावला की बॉक्सला पुढच्या पूर्ण चित्राची वाट बघावी लागते, शिवाय पेड चॅनल असेल तर कुलूप उघडायची किल्लीही त्या सिग्नलमधूनच यावी लागते. माझी आई तेवढ्यात चारदा प्लस दाबायची, मग बॉक्स दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करायचा नि ती भलत्याच चॅनलवर पोचायची. तिला मी नंबर दाबून लगेच ओके दाबायला शिकवलं, कारण नुसता नंबर दाबला तर बॉक्स अजून एखादा आकडा येतोय का म्हणून थांबून राहतो. आवडीचे आठ-दहा चॅनल फेव्हरिटमध्ये टाकून दिले, आणि रिकॉलचं बटण दाखवलं, ज्याने आधीच्या चॅनलवर परत जाता येतं. आता जाहिरात लागली की ती तेवढंच दाबते.