फोटोखालची ओळ

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

पत्रिकेत विषय छापलाय 'आशियातले फोटो-निबंध', म्हणजे फोटोंच्या मालिकेतून सांगितलेली गोष्ट, आणि तो मी घेणारच आहे, पण आधी एका ओळीबद्दल बोलू द्या. फोटोखालची ओळ. पेपरात तिला फोटोओळ म्हणतात, आपण कॅप्शन म्हणतो. आपल्याकडे लेन्सवर दोन-दोन तास चर्चा होते, आणि कॅप्शन मात्र प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कुणीतरी एकजण बसून सगळ्यांची लिहून टाकतो. 'वार्धक्य'. 'निरागस'. 'प्रतीक्षा'. 'प्रतीक्षा' नावाचा फोटो कुणाकुणाकडे आहे, हात वर करा बरं. बघा, अकरा जण! आणि यातल्या किती जणांनी त्या माणसाला विचारलं होतं, की बाबा वाट कुणाची बघताय? एसटीची बघत असतील हो.

हसा, पण मला हे खरंच लागलेलं आहे, का ते सांगतो.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी मी दिवे घाटात होतो. आपण सगळेच तिथे असतो, वरच्या वळणावर पाय ठेवायला जागा नसते एवढे कॅमेरे. मी खाली वडकी नाल्यापासून चालत वर येत होतो आणि कडेला एक आजी उभ्या दिसल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, एक हात त्याला लावलेला, डोळे गच्च मिटलेले, मान थोडी डावीकडे कललेली, आणि बाजूने अख्खा लोंढा वाहतोय. दहा फुटांवरून सहा-सात फ्रेम घेतल्या आणि पुढे निघालो. एका मासिकाने आषाढीच्या अंकात तो पानभर छापला, मी पाठवताना फक्त 'दिवे घाट' एवढंच लिहिलं होतं, त्यांनी खाली टाकलं 'भक्तिरसात न्हालेली ग्रामीण महिला'. लोकांचे फोन आले, काय भाव पकडलाय म्हणून. मलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या वर्षी मनात आलं, आजींना प्रिंट नेऊन द्यावी. आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे नाव नाही, गाव नाही, काहीच नाही. त्याच कार्डावरची एकेक फ्रेम मोठी करून बघत बसलो, एकीत मागून चाललेल्या माणसाच्या पिशवीवर दिंडीचा नंबर अर्धा दिसत होता. रथामागची दिंडी. पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते, त्या दोन दिवसांत मी प्रिंट हातात घेऊन शाळा, मंगल कार्यालयं, वाड्यांची अंगणं पालथी घातली, ज्याला त्याला विचारायचं, माउली, या आजींना ओळखता का? दोन दिंड्यांनी नाही सांगितलं. तिसरीत एका बाईंनी प्रिंट बघितली आणि आत हाक मारली.

आजी आल्या, पदराला हात पुसला आणि मगच प्रिंट हातात घेतली. बराच वेळ बघितली. मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, काय तल्लीन झाला होता तुम्ही! तर म्हणतात, "तल्लीन कशाची बाबा, मी चुकले व्हते. पाणी प्यायला थांबले अन् दिंडी गेली पुढं. डोळे झाकून ऐकत व्हते, आमचा मुरदुंग कुठं वाजायलाय ते. आमच्या मुरदुंगवाल्याचा हात मला कळतो की."

एवढ्या दिंड्या, एवढे टाळ, एवढे मृदंग, आणि त्यातून ही बाई एक हात ओळखून काढत होती! सांगा मला, भक्तिरसापेक्षा हे किती मोठं आहे. आणि फोटोत ते सगळं होतं, कललेली मान होती, ते कान देणं होतं. आम्हाला ते वाचता आलं नाही कारण विचारलंच नाही. आणि दहा फुटांवर एक चुकलेली बाई उभी होती, तिला दिंडी शोधून द्यायचं सोडून मी फोकस लावत होतो, हे अजून टोचतं मला.

त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुक्यासकट लिही म्हणाल्या कारण त्या नावाची दोन गावं आहेत. फोटोखाली लिहायला त्यांची परवानगी आहे, माईकवर बोलायला मी विचारलेलं नाही, म्हणून इथे घेत नाही.

आपण फोटोग्राफर लोक स्वतःच्या नावासाठी किती भांडतो बघा. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जेजेत शिकलेल्या, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत, याचं आपल्याला वाईट वाटतं आणि वाटायलाच पाहिजे. मग फोटोतल्या माणसाचं काय? ही बिनानावाची सवय जुनी आहे. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले, माणसांचे फोटो आणि खाली बहुतेक ठिकाणी काय, तर जात-जमात. माणूस म्हणजे नमुना. ते साहेब गेले, पण 'ग्रामीण महिला' ही ओळ तिथलीच आहे. 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेला त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो, 1985 च्या जूनमध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या कव्हरवर आला, जगभर गेला, आणि शरबत गुला हे तिचं नाव कळायला 2002 उजाडलं. सतरा वर्षं!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, पटापट घेतो, प्रोजेक्टर राहू द्या.

फोटो-निबंध म्हणजे दहा चांगले फोटो ओळीने लावणं नव्हे. त्यात काळ लागतो, एकाच जागी परत परत जाणं लागतं, आणि अर्धा निबंध वहीत असतो. मिनामाता घ्या. जपानमधलं समुद्राकाठचं शहर, चिस्सो या रसायन कंपनीने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला, 1956 ला आजाराची अधिकृत नोंद झाली. कुवाबारा शिसेई हा जपानी तरुण 1960 पासून तिथे फोटो काढत होता, हे आपण विसरतो. अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथ आणि त्याची बायको आयलीन गेले 1971 ला, तीन महिन्यांसाठी म्हणून, आणि राहिले तीन वर्षं. 72 च्या जानेवारीत कंपनीच्या माणसांनी युजीनला बेदम मारलं, तरी काम थांबलं नाही. त्यातला आंघोळीचा फोटो, आई आणि मांडीवर लेक, तुम्ही पाहिला असेल. लेकीचं नाव तोमोको कामिमुरा. जन्मापासूनच आजारी. तो फोटो 'रुग्ण' म्हणून नाही, तोमोको म्हणून जगभर गेला. 1977 ला ती गेली. 1998 ला आयलीनने त्या फोटोबद्दल ठरवायचा हक्क तिच्या आईवडिलांना दिला, त्यांना वाटत होतं आता लेकीला विसावा मिळावा, म्हणून तो वापरातून काढून घेतला. ज्या माणसाला नाव असतं त्याच्या घरच्यांना 'आता पुरे' म्हणता येतं. तो फोटो मी आज दाखवणार नाहीये, प्रोजेक्टर त्यासाठीच नको म्हटलं.

आपल्याकडे आता 'पारी'वर बघा, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या वेबसाइटवर, 2014 पासून गावोगावच्या कामाचे फोटो येतात, नाव, काम, गाव, तालुका, जिल्हा सगळं लिहिलेलं, मराठीतही असतं. क्रम कसा लावायचा, पहिला फोटो कुठला, शेवटचा कुठला, त्याचं टिपण आणलंय, ते ग्रुपवर टाकतो कारण चहा आलाय.

आजींचा फोटो मागच्या भिंतीवर आहे, डावीकडून तिसरा. ओळ वाचूनच चहाला जा.