हिरवे केळे आणि लाल फुली

(जळगाव येथे अंगणवाडी सेविका आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित ताई आणि पालकहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘लहान मुलांचे रंगकाम आणि कागदकाम : वयानुसार क्रम’ असा विषय छापला आहे. त्या क्रमापर्यंत मी पोहोचणारच आहे. परंतु त्याआधी मला एका केळ्याविषयी बोलायचे आहे, आणि केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलची इतकी मंडळी समोर बसलेली असताना केळ्याविषयी बोलणे हे धाडस आहे, याची मला जाणीव आहे.

मी शिक्षक म्हणून रुजू झालो त्या वर्षीची ही गोष्ट. यावल तालुक्यातील एका शाळेत पहिलीच्या मुलांना मी फळांची छापील चित्रे रंगवायला दिली. जाड काळी बाह्यरेषा, आत पांढरी जागा आणि कोपऱ्यात नमुना म्हणून रंगवलेले चिमुकले पिवळे केळे. मागच्या रांगेतील एका मुलाने आपले केळे हिरवेगार रंगवले. टोकाशी काळा खडू घासून वाळलेल्या फुलाचा ठिपकाही त्याने दाखवला होता. मी त्यावर लाल फुली मारली. मुलगा रडला नाही. बांधावर प्रथमच आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसे त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘सर, पिवयं झालं म्हंजे माल गेला. व्यापारी घेत नही.’

आपण हसलात, कारण आपल्याला हे ठाऊक आहे. घड हिरवाच कापतात, हिरवाच ट्रकमध्ये भरतात आणि पिवळेपणा त्याला पुढे पिकवणीच्या खोलीत येतो. बागेतच पिकलेले केळे घरच्यांच्या नाहीतर गुरांच्या वाट्याला जाते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या मुलाला ती मानांकनाच्या कितीतरी आधीपासून ओळखीची होती. मी धुळ्याचा, माझे केळे हातगाडीवरचे. त्याने पाहिलेले रंगवले होते आणि मी छापलेले तपासत होतो. फुली शाईची असल्यामुळे खोडता येईना, म्हणून मी तिच्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यावर त्याने जांभळट तांबडे केळफूल काढून आणले. माझ्या वर्गातील पहिले कागदकाम ते हेच, आणि त्यात शिक्षकाचा वाटा फक्त खळीचा होता.

तेव्हापासून माझी तक्रार एवढीच आहे की, आपण मुलाच्या हाती चित्र देतो आणि सोबत उत्तरही देतो. छापील चित्राला माझा सरसकट विरोध नाही. खडू धरण्याची आणि हात आवरण्याची सवय त्यातून होते. विरोध आहे तो कोपऱ्यातील नमुन्याला आणि रेषेबाहेर गेलेल्या रंगाचे गुण कापण्याला. वर्गातील तीस बैल एकाच रंगाचे निघाले, तर पोळ्याला दारात आलेला बैल मुलांनी पाहिलाच नाही, असे समजावे. (त्या दिवशी शिंगांना हिंगूळ म्हणजे तांबडा रंग कोण लावते, हे एकदा मुलांनाच विचारून पाहावे.)

शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीत बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची, सुरुवात केली आणि त्यांच्या पद्धतीत कागदाच्या घड्या, कातरकाम आणि पट्ट्यांचे विणकाम यांना मानाचे स्थान मिळाले. आपल्याकडे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला महागड्या साहित्याऐवजी परिसरातील पाने, बिया आणि खडे मुलांपुढे ठेवले. म्हणजे दुकानातील किटांवाचून अडत नाही, हे... संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि क्रम अजून सुरूही झालेला नाही.

तर, प्रथम फाडणे, कात्री नंतर. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला जुने वर्तमानपत्र द्यावे. वरून खाली फाडले तर ते बहुधा सरळ फाटते आणि आडवे फाडले तर वेडेवाकडे, कारण यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेने बसतात. मूल हे स्वतः शोधून काढते. त्याला सांगू नये. फाडताना एक हात पुढे जातो आणि दुसरा मागे, आणि पुढे कात्रीला नेमकी हीच जोड लागते. नंतर चुरगळणे, मग घडी. घडीची कडा अंगठ्याच्या नखाने दाबायला मात्र शिकवावे.

चौथ्या वर्षाच्या सुमारास बोथट टोकाची कात्री द्यावी. आरंभी पट्टीच्या कडेला नुसते काप, मग सरळ रेषा आणि शेवटी गोल. गोल कापताना कात्री स्थिर राहते आणि कागद फिरतो, एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ होईल. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताची कात्री मिळवून द्यावी. त्याला आळशी म्हणू नये.

खळ मैद्याचीच करावी, परंतु बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात तसा आपण घालू नये. तो विषारी असतो आणि या वयात बोटे तोंडात जातातच. खळ रोज ताजी शिजवावी. रंगासाठी हळदीचे पाणी कागदावर फासून वाळवावे आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेली काडी त्यावर फिरवावी; जिथे काडी फिरते तिथे पिवळ्याचा तांबडा होतो. हा रंग छापील नमुन्यात सापडत नाही.

दुसरी चिठ्ठी आली आहे. मागच्या टेबलावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि खळीचे पातेले ठेवले आहे. मुलांना तिकडे सोडावे आणि पालकांनी कृपया खुर्च्यांवरच बसून राहावे.