नात्यातलं ‘स्व’पण: आकड्यात किती पकडलं जातं?

घरात एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचाही चढतो. काहींना मात्र त्या तणावात नातं न तोडता आपलं म्हणणं शांतपणे मांडता येतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि कुटुंबोपचाराचे (व्यक्तीऐवजी कुटुंबाच्या नात्यांवर उपचार) एक प्रवर्तक मरे बोवेन यांनी या क्षमतेला ‘डिफरन्सिएशन ऑफ सेल्फ’, म्हणजे नात्यातलं ‘स्व’पण, म्हटलं आणि 0 ते 100 अशी पट्टी कल्पिली. ती सिद्धांत समजावण्यासाठी होती, कुणाला गुण देण्यासाठी नव्हे.

गुण देणारी प्रश्नावली 1998 मध्ये आली, स्कोरन आणि फ्रीडलँडर यांची. वाक्यं 43, प्रत्येकाला 1 ते 6 गुण. उपमापनं, म्हणजे वेगळे मोजले जाणारे भाग, चार: भावनिक प्रतिक्रियाशीलता, ‘मी’ची ठाम भूमिका, नातं तोडून दूर जाणं आणि दुसऱ्यात गुरफटणं. जास्त गुण म्हणजे जास्त ‘स्व’पण असा अर्थ राहावा म्हणून बहुतेक वाक्यांचे गुण उलटवावे लागतात, म्हणजे 6 चा 1, 5 चा 2. ही पायरी चुकली की निष्कर्षाची दिशाच फिरते. म्हणून शोधनिबंधात आधी गुणांकनाचा परिच्छेद वाचावा.

सगळ्यात कच्चा दुवा ‘गुरफटणं’. त्यातलं एक वाक्य आई-वडिलांच्या अपेक्षा पूर्ण करण्याच्या इच्छेबद्दल आहे. ‘हो’ म्हटलं की गुण घटतात. पण ही इच्छा भीतीपोटी आहे की विचारपूर्वक स्वीकारलेली, हे त्या आकड्याला कसं कळणार? 2003 मध्ये हा भाग सुधारला आणि वाक्यं 46 झाली. तरीही भाषांतरित प्रश्नावली वापरताना त्याच भाषकांवर घटकरचना (वाक्यं खरंच ठरलेल्या भागांत गटतात का) तपासली आहे का आणि प्रत्येक उपमापनाचा अल्फा (त्यातली वाक्यं एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) वेगळा दिला आहे का, हे पाहायलाच हवं. एकूण अल्फा चांगला दिसला, तरी त्याआड एखादा कमकुवत भाग लपू शकतो.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. ‘प्रतिक्रियाशीलता’ विचारणारी वाक्यं चिंतेच्या प्रश्नावलीशी बरीच जुळतात. मग दोन्हींत घट्ट सहसंबंध निघाला, तर काही अंशी आपण एकच गोष्ट दोनदा मोजलेली असते. दोन्ही प्रश्नावल्या एकाच बैठकीत, एकाच व्यक्तीने भरल्या असतील तर तो आकडा आणखी फुगतो.

आणि कुटुंबोपचाराच्या संशोधनात कुटुंब कुठे आहे? पती-पत्नीची उत्तरं परस्परांवर अवलंबून असतात. त्यांना दोन सुट्या व्यक्ती धरून केलेलं विश्लेषण चुकीचं ठरतं. जोडप्याचा विचार एकत्र करणारं प्रारूप हवं.

उपचारानंतर गुण वाढले, तरी घाई नको. बोवेन मूळ पातळी आणि प्रसंगानुसार वरखाली होणारी कार्यात्मक पातळी वेगळी मानत. घरातला ताण ओसरला की दुसरी आपोआप सुधारते. त्यामुळे हा उपचार न घेतलेला तुलनागट हवा, काही महिन्यांनी पुन्हा मोजणी हवी, आणि ती शक्यतो घरात नवा ताण आलेला असताना.